धाग्यावरचे स्फटिक

चरकसंहितेत वातरक्ताला ‘आढ्यवात’, म्हणजे धनिकांचा वात, असेही म्हटले आहे. युरोपातही गाउट हा राजेरजवाड्यांचाच रोग मानला जाई. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी अशा रुग्णांच्या रक्तात युरिक आम्लाचे आधिक्य दाखवले. पुढे त्यांनी कसोटीही शोधली: रक्तद्रवात ॲसेटिक आम्ल घालून लिननचा धागा ठेवायचा, त्यावर स्फटिक जमले की निदान पक्के. (थ्रेडमध्ये धागा यावा, हा योगायोगच!)

मात्र त्यांच्या रुग्णालयात रंगारी आणि नळकारागीरही पुष्कळ येत. त्यांना मेजवान्या कुठल्या? अंगात भिनले होते ते शिसे. शिशाने मूत्रपिंडे मंदावतात, युरिक आम्ल रक्तातच साचते. आज ते लठ्ठपणा, मधुमेह यांच्या सोबतीने वाढलेले दिसते, तेव्हाही केवळ जिभेला दोष देणे अपुरेच. रक्तातले इन्सुलिन वाढले की मूत्रपिंडे युरिक आम्ल कमी बाहेर टाकतात.