लाकडाचा ठोकळा आणि खिशातली वही

मोठ्या कॉम्प्युटरमधून हातातल्या यंत्रात फाइल भरणं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी करवून घेतलंय. बाजारच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात जाऊन "दादा, कार्ड भरून द्या" म्हणायचो ना, तेच. ही रीत कुठून आली, ते आज सांगते.

गोष्ट अमेरिकेतली. १९९३ साली ॲपल कंपनीनं न्यूटन नावाचं हातात धरायचं यंत्र काढलं. ते महाग होतं, आणि खिशात मावेना. पाम कंपनीच्या जेफ हॉकिन्स यांनी मग आधी यंत्र केलंच नाही, लाकडाचा एक ठोकळा कापला. तो खिशात घालून ते हिंडायचे, आणि कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचे. लोक हसले असतील! पण खिशाला काय पेलतं, ते त्यातून कळलं. या कंपनीच्या प्रमुख एक बाई होत्या, डॉना डुबिन्स्की. हे सहसा कुणी सांगत नाही.

१९९६ मध्ये त्यांचं 'पायलट' आलं. स्मरणशक्ती अवघी १२८ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधला एक साधा फोटोही त्यात बसायचा नाही. म्हणून जड काम टेबलावरच्या कॉम्प्युटरनं करायचं आणि हातातल्या यंत्रानं नुसती वही व्हायचं, अशी वाटणी केली. नवी फाइल कॉम्प्युटरवर निवडली की ती रांगेत थांबायची, पेटीत टाकलेलं पत्र पोस्टमनची वाट बघतं तशी. यंत्र बैठकीवर ठेवून एक बटण दाबलं की ती आत जायची.

त्याच बटणानं दुसरंही काम व्हायचं, आणि मला तेच मोठं वाटतं. यंत्रात दिवसभर लिहिलेलं कॉम्प्युटरमध्ये उतरायचं. पायलट दोन बारक्या सेलवर चाले. सेल संपून तसंच राहिलं तर आतलं सगळं पुसलं जाई. तरी माणूस बुडत नसे, कारण दुसरी प्रत घरी असे.

आपल्याकडे बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास 'सिम्प्युटर' केला. एकच यंत्र गावात अनेकांनी वापरावं, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या कार्डावर राहावं, असा विचार होता. विचार चांगला, पण तो फारसा खपला नाही. पुढे स्वस्त मोबाइल आले, आणि त्यांच्याबरोबर कार्ड भरून देणारी दुकानं.

दुकानात मात्र वाट एकेरी. गाणी आत यायची, आपलं काही बाहेर जपलं जायचं नाही. कार्ड बिघडलं की दुकानदार ते कोरं करून पुन्हा गाणी भरून द्यायचा. सिनेमाची गाणी काय, पुन्हा मिळतात. त्याच कार्डावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या असल्या, गटाच्या हप्त्यांच्या पानांचे फोटो असले, तर ते त्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये कुठून असणार?