एदिर्ने

एदिर्ने : तुर्कस्तानच्या यूरोपीय भागातील एक इतिहासप्रसिद्ध शहर, त्याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठाणे व ऑटोमन साम्राज्याची जुनी राजधानी. लोकसंख्या सु. १,८०,००० (२०२२). यूरोपीय ग्रंथांत ते ॲड्रिअ‍ॅनोपल या नावाने आढळते. इस्तंबूलच्या वायव्येस सु. २३५ किमी.वर मेरिच व तुंजा या नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. आर्दा ही तिसरी नदीही शहराजवळच मेरिचला मिळते. ग्रीसची सरहद्द येथून अवघ्या काही किमी.वर असून बल्गेरियाची सरहद्दही फार दूर नाही. तुर्कस्तानात सुटीसाठी जाणारे बहुतेक प्रवासी इस्तंबूल, कॅपडोशिया व भूमध्य समुद्राचा किनारा पाहून परततात. एदिर्नेकडे जे वळतात, त्यांपैकी अनेक जण सेलिमिये मशीद पाहून त्याच संध्याकाळी इस्तंबूल गाठतात. ऑटोमन वास्तुकलेची वाढ एकाच ठिकाणी, पायी फिरून क्रमाने पाहावयाची असेल, तर मात्र एदिर्नेइतके सोयीचे दुसरे शहर क्वचितच आढळेल.

या जागी प्रथम थ्रेशियन लोकांची वस्ती होती. रोमन सम्राट हेड्रिअन (कार. ११७–१३८) याने इ.स. सु. १२५ मध्ये तिचा विस्तार करून तिला आपले नाव दिले. बाल्कन प्रदेशातून बॉस्पोरसकडे जाणारा राजमार्ग येथून जात असल्याने त्या मार्गाने कॉन्स्टंटिनोपलवर चालून येणाऱ्या सैन्याला हे ठाणे सहसा आधी घ्यावे लागे. परिणामतः शहराच्या परिसरात अनेक लढाया झाल्या. ३२४ मध्ये कॉन्स्टंटीनने लिसिनिअसचा येथे पराभव केला. ३७८ मध्ये गॉथ लोकांनी रोमन सैन्याची धूळधाण उडविली व त्या लढाईत सम्राट व्हेलेन्स मारला गेला. १२०५ मध्ये बल्गेरियनांनी कॉन्स्टंटिनोपलचा लॅटिन सम्राट पहिला बॉल्डविन याला येथेच कैद केले.

ऑटोमन तुर्कांनी चौदाव्या शतकाच्या सातव्या दशकात शहर जिंकले. नेमक्या वर्षाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. बुर्सानंतर राजधानीचा मान एदिर्नेला मिळाला आणि १४५३ पर्यंत तो टिकला. कॉन्स्टंटिनोपल जिंकणारा दुसरा महंमद (मेहमेद) १४३२ मध्ये येथेच जन्मला. त्या मोहिमेची तयारीही येथेच झाली. अर्बन नावाच्या हंगेरियन कारागिराने ओतलेली प्रचंड तोफ बैलांच्या अनेक जोड्या लावून येथून कॉन्स्टंटिनोपलच्या तटापर्यंत ओढत नेण्यात आली.

राजधानीच्या काळातील व त्यानंतरच्या शतकातील तीन मशिदी शहराच्या मध्यभागी एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. जुनी मशीद (एस्की जामी) १४१४ मध्ये पूर्ण झाली. तिचे छत म्हणजे चार खांबांवर तोललेले नऊ सारखे घुमट होत. आतील जागा त्यामुळे नऊ चौकोनांत विभागली जाते. तीन सज्ज्यांची मशीद (ऊच शेरेफेली) १४४७ मध्ये पूर्ण झाली. तिच्या वास्तुकाराने सहा आधारांवर सु. २४ मी. व्यासाचा एकच मोठा घुमट चढविला. एवढा घुमट तोवर ऑटोमन राज्यात कोणी बांधला नव्हता. सभोवार ओवऱ्या असलेले प्रशस्त प्रांगण मशिदीला जोडण्याची कल्पनाही येथे प्रथम साकार झाली आणि पुढे इस्तंबूलच्या शाही मशिदींनी ती उचलली. या मशिदीचे चारही मिनार निरनिराळ्या घडणीचे आहेत. ज्या मिनारावरून मशिदीला नाव मिळाले, त्याच्या तीन सज्ज्यांकडे जाणारे तीन जिने एकाच खोडात स्वतंत्रपणे वळत जातात. जुन्या मशिदीतून निघून थेट या मशिदीत शिरले म्हणजे पन्नास वर्षांच्या आत वास्तुकारांनी केवढी मजल मारली, ते ध्यानी येते.

या प्रयत्नांचा कळस म्हणजे दुसऱ्या सेलीमच्या आज्ञेने सिनान या वास्तुकाराने बांधलेली सेलिमिये मशीद (१५६८–७५) होय. काम पूर्ण झाले तेव्हा सिनानचे वय ऐंशीच्या सुमारास होते. इस्तंबूलच्या शेहजादे मशिदीला त्याने आपल्या उमेदवारीचे, सुलेमानियेला कसबी कारागिराचे व सेलिमियेला उस्तादीचे काम म्हटले, असे परंपरा सांगते. आठ आधारांवर उभा असलेला सु. ३१ मी. व्यासाचा घुमट हे मशिदीचे वैशिष्ट्य. आधार भिंतींच्या इतके जवळ सारले आहेत, की दारातून आत येताच संपूर्ण अवकाश एका दृष्टिक्षेपात सामावतो. घुमटाच्या बाबतीत आपण हागिया सोफियावर मात केल्याचा सिनानचा दावा तंतोतंत मोजमापाने टिकत नाही. हागिया सोफियाचा घुमट व्यासाने जवळजवळ तेवढाच असून जमिनीपासून बराच अधिक उंच आहे. परंतु तेथे नजर एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जात राहते आणि येथे ती थांबते. सिनानचे श्रेष्ठत्व व्यासात न शोधता या निवांतपणात शोधावयास हवे. सु. ७० मी. उंचीचे चार सडपातळ मिनार सपाट मैदानामुळे फार दूरवरून दिसतात. मशीद व तिच्या सभोवतालच्या वास्तू २०११ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या. २०२१ मध्ये तेथे जीर्णोद्धाराचे मोठे काम हाती घेण्यात आले.

तुंजेच्या काठी, गावाबाहेर असलेला दुसऱ्या बायझीदचा वास्तुसमूह (१४८४–८८) अनेक प्रवाशांच्या नजरेतून सुटतो. मशीद, वैद्यकीय पाठशाळा, अन्नछत्र व रुग्णालय यांचा त्यात समावेश होतो. रुग्णालयाच्या षट्कोनी दालनावर घुमट असून मध्यभागी कारंजे आहे. मनोरुग्णांवर येथे संगीत, वाहत्या पाण्याचा नाद व सुगंध यांच्या साहाय्याने उपचार होत. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने त्याचे वर्णन केले आहे. १९९७ पासून येथे थ्रेस विद्यापीठाने (त्राक्या) संग्रहालय चालविले असून त्याला २००४ मध्ये यूरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला.

राजधानी हलली, तरी सुलतानांचे एदिर्नेवरील प्रेम ओसरले नाही. तुंजेच्या काठावरील नवा राजवाडा, शिकारीची राने व यूरोपातील मोहिमांच्या तयारीची सोय यांमुळे सतराव्या शतकात दरबार पुन्हा येथे रमला. शिकारी म्हणून ओळखला जाणारा चौथा मेहमेद (कार. १६४८–८७) याने कारकीर्दीचा मोठा भाग येथेच घालविला. इस्तंबूलचे सैनिक, धर्मपंडित व व्यापारी यांना हे रुचणे शक्य नव्हते. दरबाराच्या खर्चावरच त्या शहराचा बाजार चाले. १७०३ मध्ये बंड होऊन दुसरा मुस्ताफा पदच्युत झाला आणि त्याचा वारस तिसरा अहमद याला इस्तंबूलला परतावे लागले. एदिर्नेच्या इतिहासातील खरा खंड १४५३ चा नसून १७०३ चा आहे. त्यानंतरही दरबार अधूनमधून येथे मुक्कामाला येई. ब्रिटिश वकिलाची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिने १७१७ मध्ये येथूनच देवी टोचण्याच्या तुर्की पद्धतीचे वर्णन करणारे पत्र मायदेशी धाडले. इंग्लंडमध्ये त्या उपायाचा प्रसार होण्यास तिचा आग्रह बराच कारणीभूत झाला. अठराव्या शतकाच्या मध्याला आग व भूकंप यांनी शहराचे मोठे नुकसान केले. मंजिष्ठेच्या मुळांपासून पक्का लाल रंग देण्याची येथील रंगाऱ्यांची विद्या त्याच शतकात फ्रान्समध्ये पोहोचली. तेथे तो रंग एदिर्नेच्याच नावाने विकला जाई.

एकोणिसाव्या शतकात साम्राज्याची सीमा मागे सरकू लागली आणि एदिर्नेला पुन्हा रोमन काळातील भूमिका वठवावी लागली. १८२९ मध्ये रशियनांनी शहर घेतले. ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा करणारा तह येथेच झाला. १८७७–७८ च्या युद्धात रशियन सैन्य जवळ येताच राजवाड्यात साठविलेला दारूगोळा तुर्कांनी स्वतःच उडवून दिला आणि चार शतकांची ती वास्तू बव्हंशी नष्ट झाली. पहिल्या बाल्कन युद्धात शुक्री पाशाने सु. पाच महिने शहर लढविले. २६ मार्च १९१३ रोजी ते बल्गेरियन व सर्बियन सैन्याच्या हाती पडले. तुंजेच्या बेटावर कोंडलेले अनेक तुर्की युद्धकैदी उपासमारीने व पटकीने दगावले. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली भारतातून गेलेले वैद्यकीय पथक याच युद्धातील तुर्की जखमींच्या शुश्रूषेसाठी होते. बाल्कन मित्रराष्ट्रांत फूट पडताच जुलै १९१३ मध्ये तुर्कांनी शहर परत घेतले. १९२० ते १९२२ या काळात ते ग्रीसच्या ताब्यात होते. लोझॅनच्या तहाने (१९२३) मेरिच नदी सरहद्द ठरली. तिच्या पलीकडील काराआच हे उपनगर तेवढे युद्धभरपाईदाखल तुर्कस्तानला मिळाले.

नकाशावरील या रेषांनी शहराची माणसे बदलली. पूर्वी येथे तुर्क, ग्रीक, बल्गेरियन, आर्मेनियन व ज्यू शेजारी राहत. १४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंचे वंशज स्पॅनिश बोलीच बोलत. बहाई पंथाचे संस्थापक बहाउल्ला यांनीही हद्दपारीची सु. पाच वर्षे (१८६३–६८) येथे काढली. बल्गेरियन व ग्रीक युद्धांनंतर आणि लोकसंख्येच्या अदलाबदलीत गेले. १९३४ मध्ये थ्रेसमध्ये झालेल्या दंगलींनंतर ज्यूंचाही ओघ बाहेर लागला. १९०५ च्या आगीनंतर १९०९ मध्ये बांधलेले त्यांचे भव्य प्रार्थनामंदिर ओस पडले व १९९७ मध्ये त्याचे छप्पर कोसळले. शासनाने दुरुस्ती करून २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा तेथे नित्य प्रार्थना करण्याइतके ज्यू गावात उरले नव्हते. काराआचच्या देखण्या रेल्वे स्थानकाचीही अशीच गत झाली. इस्तंबूलहून येणारा लोहमार्ग ग्रीक हद्दीतून वळसा घेऊन येथे पोहोचे. १९७१ मध्ये तुर्कस्तानने स्वतःच्या भूमीवरून नवा मार्ग टाकला आणि स्थानक निकामी झाले. पुढे विद्यापीठाने ते वापरात आणले.

वाढ खुंटल्याचा एक फायदा मात्र झाला. राजधानीच्या काळातील बाजार, पूल व सराया फारशा पाडल्या गेल्या नाहीत. सिनानने बांधलेल्या रुस्तुम पाशाच्या सराईचे रूपांतर १९७२ मध्ये उपाहारगृहासह निवासगृहात करण्यात आले. या कामाला १९८० मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सिनानचाच अली पाशा बाजार १९९२ मध्ये आगीत सापडला. तो पुन्हा उभारून १९९७ मध्ये खुला झाला. दगडी कमानींच्या जुन्या पुलांवरून संध्याकाळी नदीकाठी फिरावयास जाण्याची नागरिकांची रीत आहे. तळलेल्या काळजाचे पातळ काप व फळांच्या आकाराचे सुवासिक साबण या येथील प्रसिद्ध वस्तू होत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीस राजवाड्याच्या जुन्या आवारात, सरायइची येथे, किर्कपिनारच्या कुस्त्या भरतात. म्हशीच्या कातड्याचे घट्ट चोळणे घातलेले मल्ल अंगभर तेल चोळून झुंजतात. कुस्त्यांची मूळ जागा फाळणीनंतर ग्रीसच्या हद्दीत गेल्यामुळे १९२४ पासून त्या येथे होतात. २०१० मध्ये यूनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्यांचा समावेश झाला. आखाड्याच्या शेजारीच राजवाड्याचे भग्नावशेष, सुलेमानच्या काळातील न्यायमनोरा व बाल्कन युद्धातील मृतांचे स्मारक आहे.