डेव्हीचा नियम आणि फॅरडेचा अपवाद

मागच्या रविवारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापला आणि त्याने चार्जिंगला चक्क नकार दिला. गार होऊ द्या म्हणे! पण ह्याला ताप आलाय हे ह्याला कळतं कसं? तर बॅटरीजवळ एक छोटासा थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, त्यावरून तापमान काढतात.

इथे मी अडखळलो. शाळेत तर घोकलं होतं की तापमान वाढलं की रोध वाढतो! मग धागा पकडून मागे मागे गेलो तो थेट १८२१ सालात.

त्या वर्षी हम्फ्री डेव्हीने एक झकास प्रयोग मांडला. प्लॅटिनमची बारीक तार वीज सोडून लाल केली आणि तिच्या एका भागाला स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लावली. तो भाग पांढराशुभ्र तापला, पण बाकीची तार विझली! बर्फ लावला तर उलट, बाकीची तार जास्तच तापली. कारण तापलेला तुकडा वीज अडवतो आणि अख्ख्या तारेतला प्रवाह कमी होतो. धातूंचा नियम पक्का झाला.

ह्याच डेव्हीच्या हाताखाली मायकेल फॅरडे १८१३ साली मदतनीस म्हणून लागला होता. १८३३ मध्ये तो एकेक घन पदार्थ तापवून वीज वाहते का ते बघत होता. पाळी आली सिल्व्हर सल्फाइडची. म्हणजे आपल्या चांदीच्या निरांजनावर जे काळं चढतं ना, तेच. दिवा खाली धरला की गॅल्व्हानोमीटरची सुई उसळायची, दिवा काढला की परत खाली यायची. गुरूच्या नियमाच्या बरोब्बर उलट!

फॅरडेकडे ह्याचं उत्तर नव्हतं. असणार कसं? इलेक्ट्रॉन सापडायलाच १८९७ उजाडणार होतं. तरी त्याने जे दिसलं ते छापलं, धातूंपेक्षा हे वेगळं आहे हेही सांगितलं. सेमीकंडक्टरची ही पहिली नोंद मानली जाते.

उलगडा केला अ‍ॅलन विल्सनने, १९३१ मध्ये. तब्बल ९८ वर्षांनी! सोप्या भाषेत सांगायचं तर धातूत मोकळे इलेक्ट्रॉन मुबलक. उष्णतेने अणू थरथरतात आणि त्यांची वाट अडते, गणपतीत लक्ष्मी रोडवर आपली अडते तशी. सेमीकंडक्टरमध्ये मुळात रस्त्यावर माणसंच कमी, बाकी सगळे घरात बसलेले. उष्णता त्यांना बाहेर काढते. वाट थोडी अडली तरी चालणारे एवढे वाढतात की वीज जास्त वाहते.

मग १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि त्याच्या जिवावर आमची पोटं भरायला लागली.

आमच्याकडे असा विचित्र बग आला की 'कॅनॉट रिप्रोड्यूस' लिहून तिकीट बंद करायची रीत आहे. मीही केलीयत. फॅरडेने ते उघडं ठेवलं, शतकभर कोणी सोडवलं नाही तरी.

सोमवारी दोन जुनी तिकिटं परत उघडणार आहे. बघू.