सीमारेषा आणि आकाशवाणी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा आपला मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागाचा इतिहास सांगताना आपण ठराव, सत्याग्रह, हुतात्मे आणि महाजन आयोग यांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच १९५६ साली आकाशवाणीवर जे घडत होते, त्याचाही या इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, पुणे केंद्र १९५३ साली. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते होऊन एप्रिल १९५६ मध्ये ते पूर्ण झाले.

याच सुमारास, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या ५ जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची, आपले प्रश्न व अनुभव केंद्राला कळवायचे आणि जमेल ते काम हाती घ्यायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि पुढे तो देशभर पसरला. या प्रयोगाचे मर्म एवढेच, की खेडूत केवळ ऐकणारा राहिला नाही. तो सांगणाराही झाला.

कोल्हापूर जिल्हा निपाणीच्या वेशीपर्यंत येतो. मंडळांची यादी तिथे थांबली, आणि पुढे सहा-सात महिन्यांत राज्याची हद्दही तिथेच पडली.

पण ध्वनिलहरींना तपासणी नाका नसतो. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झाले आणि मराठी आवाज आपल्या आणखी जवळ आला. काटा थोडा फिरवला की धारवाडची कन्नड लागे, पुन्हा फिरवला की सांगलीची मराठी. धारवाड केंद्राचे सल्लागार म्हणून १९५६ साली नेमणूक झाली ती कविवर्य द. रा. बेंद्रे यांची. कन्नडचे हे महाकवी घरी मराठी बोलत, आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. मातृभाषेचा अभिमान आणि शेजारभाषेवरचे प्रेम एका माणसात सुखाने नांदू शकते, याला याहून मोठा दाखला कोणता हवा? मात्र शेजारभाषेवरचे प्रेम म्हणजे आपल्या भाषेच्या हक्कावर सोडलेले पाणी नव्हे.

एक उणीव मात्र राहिली. पुण्या-मुंबईची मराठी आपण भरपूर ऐकली. आपली स्वतःची, कन्नडशी सोयरीक जुळवलेली बोली त्या मानाने फारच थोडी टिपली गेली. तंबाखूच्या वखारीतल्या हकिकती, विड्या वळताना बायकांनी म्हटलेल्या ओव्या, १९५६ नंतरच्या घराघरांतल्या आठवणी हे सारे अजून वृद्धांच्या ओठांवर आहे. ही माणसे गेली की तो इतिहासही जाणार.

म्हणून श्रोता मंडळाची ती जुनी रीत आता शाळा-वाचनालयांतून आपणच चालवावी. आजी-आजोबांना बोलते करावे, मुलांनी ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, गाव, साल आणि नाव लिहून ठेवावे. कोणी मराठीत सांगेल, कोणी कन्नडमध्ये, दोन्ही जपावे. १५० गावांच्या यादीत आपले गाव नव्हते. पुढच्या यादीत ते असावे की नाही, हे ठरवणे आता आपल्याच हाती आहे.