कोड फॉरमॅटर : आज्ञावलीचे प्रमाणलेखन

संगणकाच्या आज्ञावलीचा अर्थ न बदलता तिची मांडणी ठरावीक नियमांनुसार आपोआप करून देणाऱ्या साधनास ‘कोड फॉरमॅटर’ म्हणतात. ओळीच्या आरंभी किती जागा सोडावी, महिरपी कंस कोठे उघडावा, लांब ओळ कोठे तोडावी, हे सारे तो ठरवतो. ‘पायथन’सारखे अपवाद वगळता संगणकाला या मांडणीने सहसा फरक पडत नाही, वाचणाऱ्या माणसाला मात्र पडतो.

प्रत्येक प्रोग्रामरचे वळण निराळे असते. एकच फाइल अनेकांनी हाताळली आणि प्रत्येकाने ती आपल्या वळणावर आणली, तर एका ओळीच्या बदलासाठी शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. त्या गर्दीत खरी चूक तपासनीसाच्या नजरेतून निसटते.

मांडणी फसवीही ठरते. ॲपलच्या आज्ञावलीतील एक दोष फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडकीस आला. ‘गोटू फेल’ ही ओळ तेथे चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ अटीच्या कक्षेबाहेर होती. पण आत सरकवून लिहिल्याने ती अटीखालचीच भासे. परिणामी सर्व्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची तपासणी टळत असे. फॉरमॅटर जुनी मांडणी बाजूला सारून व्याकरणानुसार नव्याने मांडणी करतो. त्याने ती ओळ डावीकडे आणली असती आणि विसंगती डोळ्यांत भरली असती.

अशी एकसूत्रता मराठीला नवी नाही. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने देठाचा ‘श’ व पाकळीचा ‘ल’ मराठीसाठी प्रमाण ठरवला. योगायोगाने त्याच महिन्यात गूगलने ‘गो’ ही भाषा ‘गोफम्ट’ या फॉरमॅटरसह जाहीर केली. त्यात वैयक्तिक आवडीला जवळपास वाव नाही. पुढे जावास्क्रिप्टसाठी ‘प्रेटियर’ (२०१७) आणि पायथनसाठी ‘ब्लॅक’ (२०१८) आले.

आक्षेपही रास्त आहेत. हाताने सुबक जुळवलेली कोष्टके यंत्र विस्कटते. म्हणून असा भाग वगळण्याची सोय बहुतेक फॉरमॅटरमध्ये असते. जुन्या प्रकल्पात संपूर्ण मांडणी एकदाच आणि स्वतंत्र नोंदीने बदलणे श्रेयस्कर. कोणती ओळ कोणी लिहिली हे शोधताना अशी नोंद वगळण्याची सोय ‘गिट’मध्ये २०१९ पासून आहे.

नावे समर्पक आहेत का, तर्क बिनचूक आहे का, हे मात्र फॉरमॅटर सांगत नाही. तो निर्णय माणसाचाच. कंसांवरील वादात जाणारा वेळ त्यासाठी मोकळा होतो, एवढेच.