साथीदारावाचून साथ

कोबे या जपानी बंदराच्या सान्नोमिया भागात 1970 च्या सुमारास जे वादक रात्रीच्या मद्यगृहांतून ग्राहकांच्या गाण्याला साथ करून चरितार्थ चालवीत, त्यांत इनोउए दाइसुके नावाचा एक तरुण होता. स्वरलिपी वाचण्यात तो कच्चा असूनही त्याला मोठी मागणी असे, आणि तिचे कारण एवढेच की, गाणारा श्वासासाठी अडखळला तर आपणही अडखळावे, तो पट्टी सोडून घसरला तर गुपचूप त्याच्यामागे खाली उतरावे आणि शेवटी गाणाराच काय तो गुणी असा भास ऐकणाऱ्यांच्या मनात उत्पन्न करावा, हे कसब त्याने पुरते हस्तगत केले होते. एका लहानशा कारखान्याचा मालक त्याचा असाच आश्रयदाता होता. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी मंडळींसह जाताना या मालकाने त्याला बरोबर येण्याची गळ घातली. परंतु रात्रीची चाकरी सोडणे शक्य नसल्यामुळे, मालकाच्या गळ्याला सोसेल अशा पट्टीत आणि लयीत आपली साथ ध्वनिफितीवर भरून त्याने ती त्याच्या हवाली केली. मालक तृप्त होऊन परतला. माणूस जागेवर नसतानाही साथ होऊ शकते, हे ध्यानी आल्यावर 1971 साली मोटारीतील ध्वनिफितीचे यंत्र, ध्वनिवर्धक, मायक्रोफोन आणि नाण्यांची पेटी यांची जुळणी करून इनोउएने अकरा यंत्रे तयार केली आणि ती मद्यगृहांना भाड्याने दिली. 100 येनचे नाणे टाकावे आणि गावे, असा त्याचा शिरस्ता होता. न्याय करावयाचा तर हेही नमूद केले पाहिजे की, तोक्योच्या नेगिशी शिगेइची यांनी त्यापूर्वीच, 1967 मध्ये, अशाच जातीचे यंत्र बनविले होते. दोघांपैकी कोणीही पेटंट घेतले नाही, आणि कराओकेचा पुढचा अवाढव्य व्यापार दुसऱ्यांच्याच हाती गेला.

मद्यगृहात बसून गाणे ही मात्र या यंत्राने घातलेली चाल नव्हे. गिटार किंवा ॲकॉर्डियन खांद्याला अडकवून दारोदार हिंडणाऱ्या वादकांना तेथे ‘नागाशी’ म्हणत. चार पैसे घेऊन ते स्वतः गात, नाहीतर ग्राहकाच्या गाण्याला साथ करीत. होक्काइदो बेटावरून आलेला गायक किताजिमा साबुरो हा 1962 मध्ये ध्वनिमुद्रिकांच्या जगात प्रवेश करण्यापूर्वी तोक्योतील शिबुयाच्या गल्ल्यांतून हाच धंदा करीत होता. त्याहूनही मागे गेले, तर मेइजी काळातील लोकहक्कांच्या चळवळीशी येऊन आपण थांबतो. 1880 नंतरच्या दशकात राजकीय भाषणांवर सरकारी अंमलदारांची करडी नजर असल्यामुळे तेच विचार रस्त्यावर गाऊन सांगण्याची युक्ती निघाली, आणि त्या गाण्यांना ‘एन्का’ हे नाव पडले. आज ज्या संथ, विरहव्याकुळ, अश्रूंनी आणि मद्याने भिजलेल्या गीतांना जपानी माणूस एन्का म्हणतो, त्यांचा त्या सरकारविरोधी पदांशी नावापलीकडे फारच थोडा संबंध उरला आहे.

या नव्या भावगीताला वळण दिले ते कोगा मासाओ या संगीतकाराने. 1931 मध्ये त्याचे ‘साके वा नामिदा का तामेइकी का’ हे गीत फुजियामा इचिरो याने गायिले. विजेवर चालणारा मायक्रोफोन तेव्हा नवा होता. त्याच्या जवळ जाऊन, आवाज न चढविता, जणू शेजारी बसलेल्या एकाच माणसाला सांगावे तसे गाता येते, हे या गायकाने ओळखले. सामान्य गळ्याचा माणूस पुढे चाळीस वर्षांनी मायक्रोफोन हाती धरू शकला, त्याची खरी पूर्वतयारी मला या ध्वनिमुद्रणात दिसते. या गीतांच्या स्वररचनेशी मराठी श्रोत्याची ओळख लवकर पटते, कारण चौथा आणि सातवा स्वर गाळण्याची त्यांची रीत म्हणजे आपल्या भूपातील वर्ज्य मध्यम-निषादच होय. त्याच पाच स्वरांतील गांधार आणि धैवत कोमल केले की कोगाच्या उदास चालींचा सांगाडा हाती येतो. स्वर पाचच असल्यामुळे सारा भर हरकतींवर पडतो. ‘कोबुशी’ या नावाने ओळखली जाणारी, स्वराला क्षणभर पीळ देणारी ती हरकत ज्याला साधली त्याला एन्का साधले, असे समजतात.

यंत्राने एकच गोष्ट बदलली, पण ती मुळावरची होती. जिवंत साथीदार गाणाऱ्याची वाट पाहत असे, यंत्र कोणासाठीही थांबत नाही. आणि म्हणून साथीदाराचे जे कसब होते ते निराळ्या रूपाने गाणाऱ्याच्या अंगावर येऊन पडले. आपला दमसास किती, आपला आवाज कोठवर चढतो, बसलेल्या मंडळींत आपली पायरी कोणती, याचा हिशेब त्याला गाणे निवडतानाच करावा लागतो. कराओकेतील अर्धे गाणे निवडीतच संपते, असे मी म्हणेन.

‘स्नॅक’ म्हणतात त्या चिमुकल्या मद्यगृहात हा हिशेब स्पष्ट दिसतो. आठ-दहा माणसांपुरता लाकडी कट्टा, त्यापलीकडे ‘मामा’ म्हणून संबोधली जाणारी मालकीण, मागच्या फळीवर नेहमीच्या ग्राहकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या. वरिष्ठाचे ठेवणीतले गाणे कनिष्ठाने उचलू नये. एकाने लागोपाठ दोन गाणी म्हणू नयेत. गाणे कसेही झाले तरी शेवटी टाळ्या वाजवाव्यात. कचेरीतील संकोची कारकुनासाठी 1961 चे ‘गिन्झा नो कोई नो मोनोगातारी’ हे युगुलगीत हमखास उपयोगी पडते, कारण ते मूळ गाणाऱ्या इशिहारा युजिरो या चित्रपटनटाचा गळाही फार उंच न जाणारा होता, आणि अर्धा भार दुसऱ्या आवाजावर टाकता येतो. याउलट गायिका इशिकावा सायुरीचे 1977 चे ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’. तोक्योच्या उएनो स्थानकावरून निघालेल्या रात्रीच्या गाडीने आओमोरीला उतरून होक्काइदोच्या जहाजात चढणाऱ्या, प्रियकराला सोडून आलेल्या स्त्रीचे ते गाणे आरंभी खालच्या स्वरांत इतक्या सौम्यपणे चालते की नवशिका निर्धास्त होतो, आणि त्सुगारू सामुद्रधुनीचे नाव यावयाच्या सुमारास आवाज वर चढवून लांब धरून ठेवावा लागला की उघडा पडतो. त्याच वर्षीचे गायक सेन मासाओचे ‘कितागुनी नो हारू’, म्हणजे ‘उत्तरेकडील वसंत’, अधिक कनवाळू आहे. युद्धोत्तर काळात उत्तरेच्या खेड्यांतून शाळा संपताच तुकड्या-तुकड्यांनी कारखान्यांत भरती होण्यासाठी जी पोरे उएनोला उतरली, ती पन्नाशीला येईपर्यंत हेच गाणे मागत राहिली, यात नवल नाही. आओमोरीचे जहाज मात्र 1988 च्या मार्चमध्ये, समुद्राखालचा बोगदा सुरू होताच, बंद झाले.

त्याच महिन्याच्या 15 तारखेला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एक विलक्षण निवाडा दिला. क्यूशूमधील ‘कॅट्स आय’ नावाच्या मद्यगृहात ग्राहक कराओके गात होते, आणि गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची राखण करणाऱ्या संस्थेने मालकावर दावा लावला होता. ग्राहक मालकाच्या देखरेखीखाली, त्याच्याच नफ्यासाठी गातात, सबब कायद्याच्या दृष्टीने गाणारा मालकच होय, असे न्यायालयाने ठरविले. मद्यधुंद ग्राहकाच्या प्रत्येक बेसूर तानेचा धनी, कागदोपत्री का होईना, कट्ट्यापलीकडे पेले पुसणारा माणूस ठरला!

या सुमारास गाणे मद्यगृहाबाहेरही पडले होते. 1985 मध्ये ओकायामा प्रांतात मालवाहू पेट्यांच्या खोल्या करून त्या गाण्यासाठी भाड्याने देण्यात आल्या, आणि अपरिचितांपुढे गाण्याचे भय ज्यांना होते, त्या तरुण मंडळींना व गृहिणींना दार लावून गाण्याची मुभा मिळाली. 1992 पासून टेलिफोनच्या तारेवरून गाणी येऊ लागली. गाण्यांच्या क्रमांकांची वही टेलिफोनच्या डिरेक्टरीएवढी जाड झाली. पट्टी वर-खाली करण्याची कळही यंत्रावर आली, म्हणजे इनोउए जे कानाने करीत असे त्यातला एक अंश परत मिळाला. लयही कमी-अधिक करता येऊ लागली, पण गाणाऱ्यासाठी थांबणे मात्र यंत्राला जमले नाही. अलीकडची यंत्रे तर गाणे संपताच गुण देतात: स्वर कितपत जुळला, आवाजाला कंप किती वेळा आला, आणि कोबुशी किती वेळा घेतली, याची मोजदाद पडद्यावर आकड्यांनी मांडली जाते.