बलुत्यापासून परवान्यापर्यंत

संतश्रेष्ठ सेना महाराजांची कथा आपल्या समाजात घरोघरी सांगितली जाते. राजाचे बोलावणे आले असता सेनाजी पूजेत मग्न होते. त्यांना जाण्यास उशीर झाला. तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंगाने त्यांचे रूप घेतले, धोकटी काखेत मारली आणि राजाचे क्षौर व तैलमर्दन केले. तेलाच्या वाटीत राजास देवाचे रूप दिसले, असे संतचरित्रकार सांगतात. या कथेतील भक्तीचा बोध सर्वपरिचितच आहे. परंतु तिच्यात आपल्या व्यवसायाच्या इतिहासाचाही एक धागा आहे. क्षौर आणि मर्दन ही दोन्ही कर्मे एकाच हातात होती, आणि वेळ चुकणाऱ्यास क्षमा नव्हती.

जुन्या ग्रामव्यवस्थेत नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक होय. गावाची हजामत, लग्नकार्यातील सेवा, अंगास तेल लावून मर्दन करणे ही त्याची कामे. आणि सुगीत खळ्यावर मिळणारे धान्य हे त्याचे बलुते. हा हक्क जन्माने येई व दरसाल पीक घरात आले की जणू आपोआप नवा होई. हक्काची मुदत संपते, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. मात्र या निश्चितीची किंमतही जबर होती. हक्काच्या पाठोपाठ सक्ती येई, आणि मुलाने बापाचा धंदा सोडणे दुरापास्त होई.

ही बेडी करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी तोडली. १९१८ साली त्यांनी बलुतेदारी बंद करून प्रत्येकास आपल्या इच्छेप्रमाणे व्यवसाय करण्याची मोकळीक दिली. भोगावतीवर धरण बांधावयास घेणारे आणि आपल्या कन्येच्या, राधाबाई अक्कासाहेबांच्या नावाने राधानगरी वसविणारे हेच महाराज, हे आपल्या तालुक्यातील मंडळींनी विसरता कामा नये. ते धरण पुरे होण्यास १९५७ साल उजाडले. बलुत्यातून सुटलेल्या कारागिरास स्वतःच्या पायावर उभे राहण्यासही असाच काळ लागला.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याबरोबर नोंदणीचा दाखला आणि त्याचे नूतनीकरण ही नवी भाषा दुकानदारांच्या कानी पडू लागली. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने लहान दुकानांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची सवलत दिली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत नाभिकाचा समावेश झाला, व कारागिरास प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळू लागले.

जपानात १९४७ च्या कायद्यान्वये मर्दन करणाऱ्यास परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत असा परवाना ठराविक मुदतीने नवा करावा लागतो. भौतिकोपचारतज्ज्ञांसाठी महाराष्ट्रात परिषद आहे. केवळ मालीश करणाऱ्यांसाठी तशी परिषद नाही. म्हणूनच शिक्षणाचा दाखला, दुकानाची नोंद आणि चालू विमा हेच आपल्या कारागिराच्या विश्वासार्हतेचे पुरावे होत, आणि ते पाहण्याची जबाबदारी दुकानातील वडीलधाऱ्यावर येते.

येथे स्वतःच्याच चुकीचा दाखला देणे अवश्य वाटते. माझ्या देखरेखीखाली चार कारागीर मालीशीचे काम करीत. चौघांनाही मी आग्रहाने प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत घातले होते. हप्ता वर्षाला अवघा २० रुपये, तोही खात्यातून परस्पर वळता होणारा. म्हणून मी निर्धास्त राहिलो. एका वर्षी मेअखेर एकाच्या खात्यात तेवढीही शिल्लक नव्हती. हप्ता गेला नाही आणि विमा तुटला. श्रावणात दाजीपूरच्या रस्त्यावर दुचाकी घसरून त्याचा उजवा हात कायमचा गेला. विमा चालू असता तर १ लाख रुपये मिळाले असते. ज्या हातावर त्याचे घर चालत होते तो हात गेला, आणि वीस रुपयांवाचून घरात काहीच आले नाही. यात दोष त्याचा नव्हे. तारखांची वही माझ्यापाशी असावयास हवी होती.

ती वही मी आता ठेवतो. प्रत्येक कारागिराच्या नावापुढे दाखल्याची तारीख, विम्याची मुदत व वारसाचे नाव लिहितो. या विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. म्हणून मेच्या आरंभीच प्रत्येकाच्या खात्यातील शिल्लक विचारतो. वयाची ७० वर्षे झाली की हे संरक्षण संपते, हेही ध्यानात ठेवावे. मालीश करताना गिऱ्हाइकास इजा झाली तर हा विमा उपयोगी पडत नाही. त्यासाठी दायित्वाचा विमा निराळा घ्यावा लागतो.

समाजबंधूंनो, आपल्या पूर्वजांचा हक्क पिकाबरोबर नवा होत असे. आपला हक्क तारखेबरोबर जुना होतो. बलुत्याची सक्ती गेली, हे आपले भाग्यच. परंतु स्वातंत्र्याबरोबर आलेली ही वही सांभाळणे आपले कर्तव्य आहे. सेनाजींची चुकलेली वेळ देवाने सांभाळली. आपल्या कारागिरांची मुदत आपणच सांभाळली पाहिजे.